आप्पांची विलायती खासदारबाई

समस्त नागरिकांस, आणि त्यातही गूळ खाणाऱ्यांस, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, ब्रिटन युरोपच्या युनियनमधून बाहेर पडलं त्या दिवशी कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गूळदलालानं दुपारचं जेवण घेतलं नाही. या घटनेची नोंद लंडनमध्ये झाली नाही, ब्रुसेल्समध्येही झाली नाही. कुणीतरी करायला हवी, म्हणून मी करतो आहे.

मी उपवासाचं कारण विचारलं, तर त्यांनी नेहमीसारखा माझा उजवा हात ओढून खांद्यावरच्या टॉवेलाखाली घेतला आणि माझी दोन बोटं दाबली. यार्डात फार पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून गुळाचा भाव ठरायचा. बाजार समितीनं ती पद्धत कधीच बंद केली, उघड लिलाव आला, पण या गृहस्थांची सवय गेली नव्हती. "आधी हात द्या, मग बोला," हे त्यांचं ब्रीद. चहा घेणार का, हेसुद्धा ते टॉवेलाखालीच विचारत. एक बोट म्हणजे अर्धा कप.

"एकत्र घर फुटलं की त्या दिवशी जेवत न्हाईत, मास्तर," ते म्हणाले. "कायतरी सुतक पाळायला पायजे, का न्हाय?"

मी कधी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. यार्डाच्या दाराशी माझं कागदपत्रांच्या भाषांतराचं ऑफिस आहे, तेवढ्यावर त्यांनी मला मास्तर करून टाकलं होतं. त्यांचं नाव मी सांगत नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणत, आणि ते मूळचे गडहिंग्लजकडचे. तिकडं दर दुसऱ्या घरात एक आप्पा असतो, त्यामुळं ओळख फुटायची भीती नाही. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि गिऱ्हाइकाशी जी भाषा त्याला कमी येते ती.

दुपारी लिलाव संपले की आप्पा माझ्याकडं येऊन बसत आणि म्हणत, "लावा तुमची लंडनची सभा." मग आम्ही कॉम्प्युटरवर ब्रिटनच्या संसदेतली भांडणं बघायचो. मी भाषांतर करायचो आणि ते परीक्षण. "जागा झक्कास बांधलीय," पहिल्याच दिवशी त्यांनी निकाल दिला. "समोरासमोर बसत्यात. शिव्या द्यायला मान वळवायला लागत न्हाय." वाटाघाटी करणारे टीव्हीवाल्यांसमोर आपल्या अटी सांगू लागले की मात्र ते कपाळाला हात लावत. "भाव असा चावडीवर वरडून सांगत्यात व्हय? मागं फिरायचं तर तोंड कुठं लपवणार?"

एकदा मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला एवढं काय पडलंय त्या लोकांचं?"

"मी पण बाहेर पडलोय की," ते म्हणाले.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. गडहिंग्लजला थोरल्या भावाबरोबर, म्हणजे त्यांच्या अण्णाबरोबर, वाटणी झाली. घर वाटलं, जनावरं वाटली, देवसुद्धा वाटले. "विहीर राहिली. मधोमध. ती काय करवतीनं कापणार? दोन वर्सं रोज भांडण. बायका बोलायच्या बंद. शेवटी एक दिवस अण्णा म्हणाला, बस खाली. सोमवार ते बुधवार पाणी माझं, गुरुवार ते शनिवार तुझं."

"आणि रविवार?"

"रविवारी विहिरीला सुट्टी. आजपत्तूर कुणी मोडलं न्हाय." त्यांनी स्क्रीनवरच्या गर्दीकडं बोट केलं. "ह्येनी घर वाटून घेतलंय, मास्तर. विहिरीचं बोलायचं राहिलंय. बघा आता."

आणि खरोखरच ती विहीर कोल्हापूरजवळच्या कोडोली गावापर्यंत आली.

कोडोलीत एक वहिनी गुऱ्हाळ चालवतात. त्यांचा गूळ रंगानं काळपट, कसलीही पावडर न घातलेला. आपल्या बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो, त्यामुळं इथं तो कुणी हातात धरत नसे. पण आप्पांनी तो हॉलंडच्या एका व्यापाऱ्यामार्फत इंग्लंडमधल्या एका बेकरीवाल्यापर्यंत पोचवला होता, आणि तो बेकरीवाला त्या गुळावर इतका खूश झाला की आल्याच्या केकमध्ये दुसरं काही घालेना. वहिनींचा जवळजवळ सगळा गूळ तो एकटा घ्यायचा.

ब्रिटन बाहेर पडल्यावर काही दिवस जुन्या व्यवस्थेवर निभावलं. मग एका हंगामात हॉलंडला उतरलेला माल पुढं समुद्र ओलांडेना. तिथली एक कचेरी म्हणे कागद दुसरीकडून आणा, दुसरी म्हणे तो अधिकार पहिलीचा. हॉलंडच्या व्यापाऱ्यानं हात वर केले. गूळ गोदामात बसला, आणि वहिनी माझ्या ऑफिसात.

"आप्पा, दिवाळीपत्तूर कळलं तर ठीक," त्या म्हणाल्या. "न्हायतर औंदा सगळा ऊस कारखान्याला घालते. गुळव्या किती थांबणार? त्येला शेजारच्या गावातनं दोन सांगावं आल्यात." गुळव्या म्हणजे रस उकळताना नुसते बुडबुडे बघून काहील कधी उतरवायची ते ओळखणारा माणूस. तो एकदा दुसरीकडं गेला की गुऱ्हाळाला कुलूप, आणि लागलेलं कुलूप पुन्हा निघत नाही, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात बेकरीवाल्याचं पत्र आलं. लिहिलं होतं की, आमच्या खासदारबाई दर शुक्रवारी गावच्या वाचनालयात बसतात, कुणीही वेळ घेऊन भेटू शकतं. मी पंधरा मिनिटं घेतली आहेत. तुम्ही तिकडून कॉम्प्युटरवर आलात तर बरं होईल.

आप्पांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. "वाचनालयात? नुसत्या? आपल्याकडं खासदाराला गाठायचं तर कुणाच्यातरी लग्नात. अक्षता पडायच्या आत कामाचं बोलून घ्यायचं." मग म्हणाले, "पण मास्तर, त्या बाई आमच्या कोण? आमी मत दिलेलं न्हाय."

"बेकरीवाल्यानं दिलंय. तो त्यांचा मतदार."

"आन केक कोण खातंय? तिथलीच माणसं. मग त्येंच्या पोटातला गूळ पण मतदारच की." या युक्तिवादाला ब्रिटनच्या घटनेत काय उत्तर आहे, मला माहीत नाही.

शुक्रवार उजाडला. तिथले सकाळचे अकरा, आपले दुपारचे साडेतीन. तीन वाजता आप्पा आले ते एकटे नव्हते. सोबत वहिनी होत्या, नवं कोरं लुगडं नेसून. एक पिशवी होती. पिशवीत शाल, नारळ, झेंडूचा हार आणि गुलाबी फेटा.

"हे काय?" मी विचारलं.

"लोकप्रतिनिधी येतोय आन सत्कार न्हाय? आपलं कोल्हापूर हाय का काय हाय?"

"आप्पा, त्या स्क्रीनवर येणार आहेत. आणि पंधराच मिनिटं आहेत."

"सत्काराला काय वेळ लागतोय," आप्पा म्हणाले. वाचकहो, सत्काराला किती वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आणि मी आयुष्यातले कितीतरी तास खुर्च्यांवर बसून तेच मोजत घालवलेले आहेत.

बरोबर साडेतीनला पडद्यावर खोली दिसली. पुस्तकांची कपाटं, अंगात कोट ठेवूनच बसलेल्या एक पिकल्या केसांच्या बाई, त्यांच्या शेजारी बेकरीवाला. मागं भिंतीला लागून दोनतीन माणसं आपल्या पाळीची वाट बघत होती. आप्पांनी घसा साफ केला आणि प्रास्ताविक सुरू केलं. ते लिहून आणलेलं होतं. त्यात करवीरनगरीचा महिमा होता, पंचगंगेचं पाणी होतं, उसाच्या जाती होत्या. मी भाषांतर करत होतो आणि घड्याळ बघत होतो. वहिनींनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. आप्पांनी हार घातला. शाल पांघरली. मग दोन्ही हातांनी, मनापासून, त्यांनी कॉम्प्युटरला फेटा बांधला.

फेटा त्यांनी उत्तम बांधला होता. फक्त त्याखाली कॅमेरा गेला. पुढची चार मिनिटं ब्रिटनच्या एका लोकप्रतिनिधीला भारताच्या बाजूनं केवळ गुलाबी अंधार दिसत होता, आणि त्या अंधारातून आप्पांचा आवाज येत होता.

मी फेटा वर सरकवला तेव्हा बाईंचा कारकून घड्याळ दाखवत होता. एक मिनिट उरलं होतं. गुळाचा शब्दसुद्धा निघालेला नव्हता.

मी ते मराठीत सांगितलं.  वहिनींनी नुसता पदर सारखा केला आणि खिडकीकडं बघत राहिल्या. आप्पांचा चेहरा मी पुन्हा तसा कधी पाहिला नाही. भर लिलावात बोली विसरलेल्या माणसासारखा. "चुकलं माझं," ते म्हणाले. "बाई, माझं चुकलं." पण ते वहिनींना म्हणत होते.

तेवढ्यात तिकडं भिंतीजवळ बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला आणि बाईंना काहीतरी म्हणाला. बेकरीवाला हसू लागला. मी कान देऊन ऐकलं. तो सांगत होता की, माझी पंधरा मिनिटं यांना द्या. मी बसथांब्याच्या छपराचं विचारायला आलोय. ते तीन वर्षं गळतंय, आज नाही विचारलं तर काही जास्त गळणार नाही.

आप्पांनी त्या म्हाताऱ्याला पडद्यातूनच नमस्कार केला. मग टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला, दोन्ही हात उघडे मेजावर टेकवले आणि आपल्या विहिरीची गोष्ट सांगितली. अण्णा, दोन वर्षांचं भांडण, सोमवार ते बुधवार. मी एकेक वाक्य इंग्रजीत देत गेलो. शेवटी ते म्हणाले, "बाई, मला सूट नको. कर लावा, तपासा, कागद मागा. धा मागा. पण कोणचे धा, ते एकदा लिहून द्या. पाळी ठरली की भांडण मिटतं."

खासदारबाईंनी ते टिपून घेतलं. मग मान वर करून विचारलं, "रविवारी पाणी लागलं तर?"

"तर अण्णाकडं जाऊन च्या प्यायचा," आप्पा म्हणाले. "दुसऱ्या कपाला तो मोटार चालू करतोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मोठ्यानं हसल्या. मग पुन्हा उचललं. मंत्र्यांना लिहीन, उत्तर लेखी मागेन, म्हणाल्या. काय उत्तर येईल ते मात्र सांगू शकत नाही.

त्यानंतर आप्पा रोज येऊन एकच प्रश्न विचारत, "आलं का वो?" पेपरात भारत आणि ब्रिटनमधल्या मोठ्या व्यापारकराराच्या बातम्या होत्या. फोटोत माणसं हात मिळवत होती. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळून बघत. "आपला एकट्याचा एकट्याशी सौदा बरा. पण टेबलाखाली बघायला पायजे, बोटं कोण दाबतंय." आपण आता जणू त्या करारातले एक भागीदार आहोत अशा थाटात ते बोलत, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून अण्णांचा फोन आला. आप्पा तिकडं शेतावर गेले होते, दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. एवढं मराठीत सांगून अण्णा पुढं बराच वेळ कानडीत बोलले. मला कानडी येत नाही. मी मध्येमध्ये हो म्हणत राहिलो.

माझ्या ऑफिसातली त्यांची खुर्ची मी हलवली नाही. दुपारी कुणी नवखा माणूस त्या खुर्चीत बसला की माझा हात आपोआप पुढं जातो. तो माणूस माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं बघतो.

पत्र दिवाळीच्या आठ दिवस आधी आलं. ते आप्पांच्या नावानं होतं. मी अण्णांना बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं एसटीनं कोडोलीला गेलो. वहिनींनी अंगणात सतरंजी घातली. पत्र चार पानांचं होतं. मंत्र्यांच्या कचेरीनं खासदारबाईंना लिहिलेलं, आणि बाईंनी जसंच्या तसं पुढं धाडलेलं. मी वाचत गेलो आणि मराठी करत गेलो. सदर वस्तूचं वर्गीकरण, सोबत जोडायची प्रमाणपत्रं, ती देणारी कचेरी, ती एकच कचेरी, तिचा पत्ता. कर होताच. कागद नऊ होते, आप्पांच्या अंदाजापेक्षा एक कमी. पत्राच्या तळाशी बाईंनी शाईनं एक ओळ लिहिली होती की, तुमच्या भावाला सांगा, रविवारची व्यवस्था मला सगळ्यात पटली. ती ओळ मी अण्णांना दोनदा सांगितली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि परत दिला.

 वहिनी पत्राकडं बघत होत्या. चार पानांत नेमकं काय मिळालं आणि काय नाही, याचा अर्थ लावण्यात मी गुंतलो होतो. एखादा समर्पक समारोप करावा, असंही मनात होतं. गुळव्या इतका वेळ चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, कडेला उकिडवा बसून चारही पानं ऐकत होता. तो उठला, हात झटकले आणि वैतागून म्हणाला,

"म्हंजे पेटवू का?"