शाबासकीची पेटी

चिठ्ठी अर्धी वाचून झाली आणि माझी जीभ अडखळली. पण माइक चालू होता. समोर अख्खी शाळा, खुर्च्यांवर शाळा समितीचे लोक. मी पुढं वाचलं.

"सुमनकाकू लई चांगल्या हायेत. आई-बापू ऊसतोडीला राहुरीकडं गेलेत. आजी आजारी हाय. काकू रोज आजीसाठी डब्यात खिचडी देतात. मनीषा, सहावी."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुमनताई आमच्याकडे पोषण आहार शिजवायच्या. त्यांनी मान खाली घातली.

पाथर्डी तालुक्यातल्या त्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते. स्टाफमध्ये दोन तट. एका तटाचा चहा दुसऱ्याला चालत नसे. म्हणून मी ऑफिसबाहेर पेटी लावली. कुणाचं काही चांगलं दिसलं की चिठ्ठी टाकायची. सरांनी, पोरांनी, शिपायानं, सगळ्यांनी. शनिवारी परिपाठात, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, मी वाचणार. आणि जमलं की हो! पवार सरांनी शिंदे बाईंच्या फळ्यावरच्या अक्षराचं कौतुक लिहिलं, त्या दुपारी दोघं एका टेबलावर जेवली. मी हुरळून गेले.

एरवी चिठ्ठ्या मी शुक्रवारीच चाळून ठेवायचे. त्या शनिवारी मात्र मिरवायची हौस आली. समितीला बोलावलं आणि पेटी त्यांच्यासमोरच उघडली.

परिपाठ संपल्यावर अध्यक्ष आप्पा ऑफिसात आले. "बाई, आहार शाळेतल्या पोरांचा हाय. डबे भरून गावात कसा काय जातो?"

"नियमात बसत नाही," मी म्हणाले.

"उरल्यालंच देते, आप्पा," सुमनताई दारातूनच म्हणाल्या. "पोरं जेवल्यावर बुडाशी ऱ्हातं ते. बाईंना ठाव हाय की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊकच होतं. तो डबा दोनदा मी स्वतः मनीषाच्या दप्तरात ठेवला होता. "हो, माझ्या परवानगीनं जातो," एवढंच म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. फार तर मला नोटीस आली असती. पण रिटायर व्हायला आठ महिने उरले होते.

"बाई?" आप्पांनी विचारलं.

"समिती ठरवेल ते."

समितीनं सुमनताईंना काढलं. मी समितीची सचिव. ठराव माझ्याच हातानं लिहिला.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मला वाटलं, चार शब्द सुनावतील. तर म्हणाल्या, "बसा बाई, च्या ठिवते." अर्धा कप तसाच ठेवून मी निघाले.

नवीन बाई आल्या. त्यांनी डबा भरला नाही, आणि मीही त्यांना भरा म्हणाले नाही.

पुढच्या शुक्रवारी पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी. अक्षर मनीषाचं.

"आता मी कुनाचंच नाव सांगनार न्हाई."

ती परिपाठात वाचायची माझी हिंमत झाली नाही. महिनाभर पेटी रिकामीच राहिली. मग शिपायानं ती काढून कपाटावर ठेवली.

हल्ली ओळखीचे शिक्षक विचारतात, बाई, असा उपक्रम करावा का? जरूर करा. पण ज्याचं नाव माइकवर घ्याल, त्याच्यासाठी ऑफिसातही तोंड उघडायची तयारी असेल, तरच पेटी लावा. माझी नव्हती.