अर्जदार क्रमांक सात

बायडीला समुद्राची भीती वाटे. पाम गावापलीकडच्या मच्छीमार वस्तीत सारा जन्म गेला, पण होडीत तिने कधी पाय ठेवला नव्हता. नवरा देवू जाळी लावायचा, ती बोईसरच्या बाजारात मासळी विकायची.

१९९१ साली एका कंपनीला वस्तीसमोरच्या समुद्रात लांबलचक धक्का बांधायची सरकारी मंजुरी मिळाली. तिथे मासेमारी होत नाही, असं मंजुरीच्या कागदात लिहिलं होतं. नेमके तिथेच अकरा घरांचे खुंट होते. खुंट म्हणजे समुद्राच्या तळात ठोकलेले खांब. त्यांना जाळी बांधतात. अकरा जणांनी मुंबईच्या हायकोर्टात अर्ज केला. देवूचं नाव सातवं.

पुढच्या पावसाळ्यात देवू काविळीने गेला. वकिलांनी त्याच्या जागी बायडीचं नाव घातलं. मग सगळ्यांनी अर्ज मागे घेतला तर घरटी एक नोकरी देऊ, असं कंपनीने कबूल केलं आणि दहा जणांनी आपली नावं काढून घेतली. आपापल्या खुंटांवरची खुणेची तरंगती पिंपंही त्यांनी कापून टाकली. देवूचंही कापलं.

तिचा दीर दामू नाव काढून घेण्याचा कागद आणि शाईची डबी घेऊन आला.

"वयनी, अंगठा दे. तुझ्या एकटीपायी सगल्यांच्या नोकऱ्या अडल्यात."

"कागदात लिवलंय, तिथं कोन मासे मारीत नाय," बायडी म्हणाली. "मंग त्ये तीस वर्सं कुठं जात होते, भावजी?"

दामू शाईची डबी बंद करून उठला.

त्या दिवसापासून वस्ती तिच्याशी बोलेनाशी झाली. विहिरीवर ती गेली की बायका कळशा उचलत. होळीला कोणी बोलावलं नाही; ती दारातूनच जाळ बघत राहिली. टेम्पोवाला तिची पाटी घेईना, म्हणून ती बोईसरपर्यंत चालत जाई. मासळीही शेजारगावच्या सुका नावाच्या म्हाताऱ्याकडून घ्यावी लागे. दिवसभरात तिच्या तोंडून शब्द निघत ते गिऱ्हाइकांपुरते.

तीन वर्षं अशी गेली. मग कोर्टाने जागेच्या पाहणीसाठी एक अधिकारी पाठवला. वकील म्हणाले, "बाई, खुंट तुम्हालाच दाखवावा लागेल."

वस्तीत कोणी होडी देईना. सुकाने दिली.

सकाळच्या ओहोटीला ते निघाले. बायडी होडीची कड घट्ट धरून बसली होती. दोनदा ओकली. अधिकारी मांडीवरच्या वहीत काहीबाही लिहीत होता.

"कुठं नेऊ, बाय?" सुकाने विचारलं.

देवू जेवताना जे सांगायचा तेवढंच तिला ठाऊक होतं: अणुवीज केंद्राची उंच चिमणी किनाऱ्यावरच्या जोडमाडांच्या बरोबर वर यावी आणि देवळाचा कळस काळ्या खडकाआड जावा, तिथं खुंट. समुद्रातून किनारा तिने आज पहिल्यांदाच पाहिला. आपलं घर कुठलं, तेही ओळखू येईना. पण चिमणी दिसत होती.

"आजून भायेर. आता दक्षिनेला. जरा मागं."

कळस खडकाआड गेला. सुकाने दोराला बांधलेला लोखंडी आकडा तळावरून ओढत नेला. दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा अडकला. हळूहळू ओढल्यावर शिंपल्यांनी भरलेला जाड दोर वर आला. बायडीने पाण्यात हात घालून तो धरला. खाली, दुसऱ्या टोकाला खुंट जराही हलत नव्हता. ती ओणवी होऊन तशीच धरून राहिली. अधिकाऱ्याने लिहायचं थांबवलं.

वर्षभराने निकाल लागला. मच्छीमारांचं म्हणणं न ऐकता दिलेली मंजुरी कोर्टाने रद्द केली. कंपनी पुन्हा आली नाही. कबूल केलेल्या नोकऱ्याही गेल्या. दहा घरांनी निमूटपणे आपापल्या खुंटांवर जाळी चढवली. देवूच्या खुंटावर दामू जाऊ लागला. बायडीने हरकत घेतली नाही.

पण बोलायला कोणी आलं नाही. फक्त अधूनमधून सकाळी तिच्या पायरीवर बोंबलांची टोपली ठेवलेली असे. एकदा चाहूल लागताच तिने दार उघडलं. दामूची बायको झपाझप चालली होती.

"चाय घेऊन जा गो!" बायडीने हाक मारली.

ती क्षणभर थबकली, मग कुडाच्या कुंपणाच्या वळणावरून निघून गेली. बायडीने टोपली उचलून आत नेली आणि बोंबील धुवायला घेतले.