सत्तावीस बरोबर शून्य

बायकोला पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दोन तास. आता चौथा तास चालू होता. वर्ध्याच्या त्या दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. भीतीसुद्धा नाही. सिंदीहून निघताना नवस बोलायचं ठरवलं होतं, पण कोणत्या देवाला, तेच आठवेना. शेजारच्या माणसाने जेवणाचा डबा पुढे केला, तर मी तो घेतला, झाकण लावलं आणि "घ्या ना, लाजू नका" म्हणत त्यालाच परत दिला.

बाकाच्या टोकाला पाचवीतली एक पोरगी होती, वडनेरची. तिच्या आईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं, आजी वॉर्डात आईजवळ होती आणि हिला बाहेर बसवलं होतं. मांडीवर स्कॉलरशिपचं पुस्तक, तोंडात पेन्सिल.

"आबाजी, तुमाले गणित येते का?"

नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण तीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरलेला माणूस मी. म्हणालो, "आण इकडं. जिंदगी आकड्यातच गेली आपली."

गणित असं होतं: दोन अंकी संख्या, अंकांची बेरीज नऊ. तिच्यात सत्तावीस मिळवले की अंकांची अदलाबदल होते. तर संख्या कोणती?

"सोपं आहे. पहिला अंक क्ष धर, दुसरा य."

"आमाले क्ष नाई शिकवला अजून."

"मंग आज शिक."

मी वहीवर ऐटीत मांडलं. क्ष अधिक य अधिक सत्तावीस बरोबर य अधिक क्ष. दोन्हीकडचे क्ष खोडले, य खोडले. उरलं ते तिने मोठ्याने वाचलं.

"सत्तावीस बरोबर शून्य." मग माझ्याकडे बघत राहिली. "असं असते का, आबाजी?"

"असते कधी कधी."

खोटं सांगत नाही, त्या बाकावर बसून मला ते पटतही होतं.

तिला पटलं नाही. "बारा म्हणजे एक आन् दोनची बेरीज थोडीच असते? तसं असतं त बारा म्हणजे तीनच झाले असते."

मी वहीकडे बघितलं. या हिशेबाने मी रीडिंग घेतलं असतं, तर चौऱ्याण्णव युनिट जाळणाऱ्याला तेराचं बिल गेलं असतं आणि गावोगावी माझी मिरवणूक निघाली असती. सावरून घ्यायला मी तिला जुना मीटर समजावू लागलो: एककाची चकती अख्खी फेरी फिरते, तेव्हा कुठे दशकाची एक घर सरकते.

"हे त बाईनं दुसरीतच सांगतलं," ती म्हणाली आणि वही ओढून घेतली.

माझ्या क्षला तिने बाजूला ठेवलं आणि नऊ बेरीज येणाऱ्या संख्या एकाखाली एक लिहिल्या. अठरात सत्तावीस मिळवले, पंचेचाळीस. नाही. सत्तावीसात सत्तावीस, चोपन्न. तेही नाही. मग छत्तीस घेतले.

तेवढ्यात दारातून सिस्टरने बायकोचं नाव घेऊन विचारलं, "यांचे नातेवाईक कोण आहेत?" मी ऐकलं. दोनदा ऐकलं. आणि बसूनच राहिलो. छत्तीस आणि सत्तावीस किती होतात ते मला आधी पाहिजे होतं.

"त्रेसष्ट. जमलं," पोरगी म्हणाली. मग माझं कोपर हलवलं. "उठा ना, आबाजी. तुमचंच माणूस आहे ना आत? सिस्टर बोलावून राह्यली."

डॉक्टर म्हणाले, गाठ निघाली. आतड्याला चिकटलेली होती म्हणून वेळ लागला. तपासायला पाठवली आहे, रिपोर्ट आठ दिवसांनी. काही विचारायचं आहे का? मी म्हणालो, नाही. मग उगीच बरं दिसावं म्हणून विचारलं, "तुमचं जेवण झालं का?"

बऱ्याच वेळाने बायकोजवळ जाऊ दिलं. तिने अर्धा डोळा उघडला.

"इतका वेळ काय करत होते?"

"गणित. एका पोरीचं."

तिने डोळा मिटला. "चुकवलं असन."

"हो," मी म्हणालो. चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. पायाखाली फरशी गार लागत होती, तेवढं कळत होतं.