सम तारखेचा पट्टा

साताऱ्याहून लोणंदला जाताना वाटेत एक बाजाराचं गाव लागायचं. नाव सांगत नाही, सांगावं एवढी त्याची लायकी नव्हती. लढाईच्या दिवसांत मी त्या रस्त्याला सर्व्हिस मोटार चालवायचो. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी बांधलेली. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. पण त्या टाकीनं मला कधी छळलं नाही एवढं त्या गावच्या नगरपालिकेनं छळलं.

झालं काय, तिथले अध्यक्ष एकदा पुण्याला जाऊन आले. तिथं वाहनं उभी करायची शिस्त बघितली आणि गडी पेटलाच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पेठेतला रस्ता एवढा अरुंद, की दोन गाड्या घासूनच जायच्या. त्याच्या दोन्ही कडांना यांनी चुन्याचे पांढरे पट्टे मारून घेतले आणि फळा टांगला: सम तारखेस वाहने देवळाकडच्या पट्ट्यात, विषम तारखेस चावडीकडच्या.

नियम तसा बरा होता. पण तारीख त्या गावात ठाऊक होती कुणाला? उपास तिथीला, लग्न तिथीला, श्राद्ध तिथीला, मग गाडी सोडायचीच तेवढी तारखेला कशी? गूळवाल्यांनी आणि गाडीवानांनी पंचमी विषम धरली, षष्ठी सम धरली, आणि कारभार सुरू केला. शिपाईही पंचांगच बघायचा. अध्यक्षांना वाटायचं, बघा, कशी शिस्त लागली. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

एका बाजारच्या दिवशी साताऱ्याला एक म्हातारी माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसली. पोरगा पलटणीत. पलटणीची रेल्वेगाडी दुपारी लोणंदला पाणी घ्यायला थांबणार, तिथनं पुढं ब्रह्मदेश. रजेवर आलेल्या त्याच्या सोबत्यानं तिला तारीख सांगितली होती. ती चुकू नये म्हणून म्हातारी रोज सकाळी शाळेच्या मास्तरांना तारीख विचारून यायची.

"दुपारची गाडी गावंल न्हवं रं?"

"गावंल की आत्या. लय टाइम हाय. बसा निवांत."

पेठेत शिरलो आणि अडकलो. त्या दिवशी तारीख सम होती, पण सकाळी सप्तमी, म्हणून सगळ्या बैलगाड्या चावडीकडं. तिकडची एकच ओळ असती तर मी कसाबसा निघालो असतो. तेवढ्यात देवळातले गुरुजी पंचांग घेऊन पायरीवर आले आणि सांगते झाले, की सप्तमी सरली, आता अष्टमी लागली. झालं. निम्म्या गाडीवानांनी बैल जुंपले आणि गाड्या देवळाकडं वळवायला घेतल्या. उरलेले म्हणाले, उगवतीची तिथी दिवसभर चालते, आम्ही हलणार न्हाई. गाड्या रस्त्याच्या मधोमध आडव्या झाल्या, जू जुवात अडकलं, आणि शिपाई गुरुजींना शास्त्रार्थ विचारत बसला. असल्या माणसांना बैल म्हणणं म्हणजे बैलाचा अपमान. बैल निदान हाकलला की हलतो.

मी खाली उतरून शिव्या घातल्या. एक गाडीवान मला म्हणाला, "तुमाला तिथी कळत न्हाई, मोटार काय चालवताय?"

म्हातारीही उतरली. एकेका गाडीवानापुढं जाऊन सांगायला लागली, "आवं, आज सम तारीख हाय. मी मास्तरला इचारून आलिया. माजा ल्योक आज जायाचा हाय, वाट द्या." गुरुजींनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. तारखेचं शास्त्र बाईमाणसाला काय कळणार, म्हणे. ज्याला स्वतःला तारीख ठाऊक नव्हती तो हे बोलला, आणि भोवतीचे सगळे माना डोलवत होते. त्या माना मला अजून दिसतात आणि अजून किळस येते.

वाट मोकळी झाली ती उन्हं कलल्यावर. लोणंदपर्यंत मोटार मी जीव खाऊन हाकली.

फलाट रिकामा होता. हमाल पाण्याच्या नळापाशी बसला होता. म्हणाला, पलटणीची गाडी कवाच गेली. एक पोरगं मात्र डब्याच्या दारात लोंबकळून सगळ्यांना विचारत होतं, माजी आई आलीया का म्हणून.

म्हातारी त्याच्याजवळ खाली बसली. रडली नाही. तिनं विचारलं, "वाळलाय का रं त्यो?"

हमालानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "न्हाई आवं. अंगानं चांगला भरलाय."

"मग बरं," ती म्हणाली, आणि आणखी विचारत राहिली: डोईला पागोटं होतं का, आवाज बसला होता का, हसत होता का. हमाल सगळ्याला व्हय म्हणत गेला.

पोरगा ब्रह्मदेशातून आला नाही. आमच्याकडच्या कुणी त्याला शेवटचं बघितलं असेल, तर ते त्या हमालानं.