रविवारचा वेगवान गोलंदाज

पहाटेच्या अर्धवट झोपेत मला अजून एक रन-अप दिसतो. मैदानाच्या पार टोकाला, जिथे ऊन आणि धूळ एक झालेली असते, तिथून एक उंच काळा माणूस धावत निघतो. घाई नाही, आवाज नाही. वाळूवरून वारा यावा तसा तो येतो. मी फलंदाज नसतो, पंच नसतो, कुठे उभा आहे तेही मला कळत नाही. तो जवळ येतो तसा त्याच्या नाकावरचा जाड काचांचा चष्मा दिसू लागतो. उजव्या हाताच्या बोटांत त्याने काहीतरी धरलेलं असतं. ते काय आहे हे दिसायच्या आत मला जाग येते.

माझ्या आठवणीतल्या वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांपैकी कुणीच चष्मा लावत नव्हता. चष्मा होता तो आमच्या रविवारच्या पाहुण्याचा.

वेस्ट इंडिजचं वेड मला शाळेत असताना लागलं. आदल्या उन्हाळ्यात आपण त्यांना हरवून विश्वचषक आणला होता, आणि हिवाळ्यात ते आपल्याकडे येऊन सगळं शांतपणे वसूल करून गेले. जयपूरच्या कोवळ्या उन्हात आम्ही मुलं गच्चीवर सतरंजी टाकून ट्रान्झिस्टरभोवती पडलेलो असायचो. गोलंदाज धावायला लागला की हिंदी समालोचकाचा आवाज खाली यायचा, आणि मग चेंडू सुटेपर्यंत नुसती खरखर. त्या खरखरीत मी डोळे मिटून त्यांना बघायचो. लांब पाय, उघडी मान, घामाने चमकणारे दंड. "राक्षस हैं यार, राक्षस," कुणीतरी म्हणायचं. आमच्या तोंडी ती सगळ्यात मोठी तारीफ होती.

मला त्यांच्याबद्दल वाटायचं त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नाही. शाळेत मला कालू म्हणत. आम्ही मूळचे मालवणकडचे, बाबा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायला म्हणून इकडे आलेले. गोऱ्या, धारदार नाकांच्या मारवाडी आणि पंजाबी मुलांत मी वेगळा दिसायचो. आईने डाळीचं पीठ आणि साय लावून पाहिली, आत्याने पत्रांतून उपाय कळवले. ते पराक्रमी काळे लोक पेपरात पहिल्या पानावर यायला लागले तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी बदलेल. वर्गात एवढंच बदललं की कालूऐवजी काही दिवस मला "ओय वेस्ट इंडिज" म्हणू लागले. मला ते आवडलं. आवडलं हे लिहिताना आज लाज वाटते, पण आवडलं होतं.

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी बाबांच्या विभागात इथिओपियाचा एक विद्यार्थी आला. बाजरीवरच्या रोगांवर त्याला संशोधन करायचं होतं. हॉस्टेलची मेस रविवारी बंद असायची, म्हणून बाबा त्याला जेवायला घेऊन आले. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, खूप उंच, थोडा वाकून चालणारा. आमच्या शेजारच्या काकूंनी फाटकातच आईला विचारलं, "इथिओपिया मतलब वो अकालवाला ना? मग हा एवढा धडधाकट कसा?" आई म्हणाली, "तुम्ही विचारा ना त्याला, मी कशी विचारू?" काकूंनी विचारलं नाही, पण दर रविवारी त्या फाटकाशी असायच्या.

त्या पहिल्या रविवारी आईने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ केली होती. जयपूरच्या थंडीत आंबोळीचं पीठ आंबत नाही. आई पातेलं जयपुरी रजईत गुंडाळून बिछान्यात ठेवायची, आणि बाबा म्हणायचे, आमच्या घरात एक तान्हं बाळ कायम झोपलेलं असतं. पाहुण्याने ताटातली आंबोळी उचलली, उजेडासमोर धरली आणि तिची जाळी पाहत राहिला. मग एक तुकडा तोंडात घातला. आंबट, मऊ. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मिरची लागली वाटतं," आई घाबरून म्हणाली.

बाबांनी इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, "नाही सर. आमच्याकडे हेच असतं. धान्य वेगळं, पण हेच."

मग त्याने एक गोष्ट केली. आंबोळीचा तुकडा तोडून त्यात उसळ गुंडाळली, व्यवस्थित घास बांधला आणि शेजारी बसलेल्या माझ्या तोंडासमोर धरला. मी बाबांकडे पाहिलं. त्याने समजावलं, की त्यांच्याकडे आपल्या माणसाला पहिला घास हाताने भरवतात. ज्याला भरवला तो आपला झाला. मी तोंड उघडलं. आईला एवढं हसू आलं की तिने पदर तोंडाला लावला. "अरे, हे तर आपल्याकडचंच की! लग्नात नाही का भरवत?"

त्यानंतर दर रविवारी पहिला घास माझा. तो आईला माताजी म्हणायचा, "पुरे" आणि "अजून एक" हे दोन शब्द त्याला येत होते, आणि तो ते नेमके उलट प्रसंगी वापरायचा. आई हसत आणखी एक वाढायची.

मी मात्र त्याच्याशी एकाच विषयावर बोलायचो. त्याला क्रिकेट येत नव्हतं, त्यांच्या देशात ते कुणी खेळत नव्हतं, हे त्याने मला सरळ सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. तरी मी त्याच्या हातांकडे बघायचो. एवढी लांब बोटं!

त्याच वर्षी विश्वचषकातला वेस्ट इंडिजचा एक सामना आमच्या शहरात आला, इंग्लंडविरुद्ध. बाबांनी आम्हा दोघांना तिकिटं आणून दिली. स्टेडियमबाहेर पोरांनी त्याला घेरलं. "साइन, साइन!" तो नाही म्हणत होता, पण वह्या काही हटेनात. शेवटी त्याने हसत सही केली, आपल्या लिपीत, आपल्याच नावाची. मी शेजारी छाती काढून उभा होतो.

आत आमच्या पुढच्या रांगेत वेस्ट इंडिजच्या बेटांवरून आलेला एक वयस्क प्रेक्षक बसला होता. डोक्यावर हिरवी-पिवळी-लाल विणलेली टोपी. त्याने वळून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या बेटाचा, भाऊ?"

"बेट नाही. इथिओपिया."

त्या म्हाताऱ्याने टोपी काढली. माझ्या मित्राचा हात दोन्ही हातांत घेऊन आपल्या छातीवर ठेवला आणि तसाच धरून बसला. मैदानात चौकार गेला तरी त्याने मान वळवली नाही. नंतर मला कळलं, की त्या बेटांवरचे काही लोक इथिओपियाला आपलं मूळ घर मानतात. त्यांच्या पूर्वजांना गुलाम करून जहाजांतून नेलं तेव्हा घर नक्की कुठे होतं हेच पुसलं गेलं, म्हणून त्यांनी एक घर निवडलं. हे सगळं माझ्या मित्राने मला परतताना सायकलरिक्षात सांगितलं. मी नीट ऐकत नव्हतो. वेस्ट इंडिज हरलं होतं. आणि माझ्या डोक्यात एवढंच घोळत होतं, की त्यांच्याच माणसाने याला आपला म्हणून ओळखलं.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचं तिळगुळाचं संमेलन छावणीच्या मैदानावर व्हायचं. बायकांचं हळदीकुंकू शामियान्यात, आणि बाहेर पुरुषांचा सामना. एका बाजूला जयपूरला बदली होऊन आलेले लष्करातले मराठी, दुसऱ्या बाजूला आम्ही, प्राध्यापक आणि डॉक्टर. आम्ही दर वर्षी हरायचो. त्यांचा एक सुभेदार होता, साताऱ्याकडचा, तो चेंडू शामियान्यावर मारायचा आणि ओरडायचा, "वहिनी, तिळगूळ पाठवलाय!"

त्या वर्षी बैठकीत आमचे कप्तान, दातांचे एक डॉक्टर, हताश होऊन म्हणाले, "अहो, आपल्याकडे बॉलर कुठे आहे?"

मी म्हणालो, "आहे."

बाबा चमकले. "अरे, पण तो खेळतो का? मला तर कधी बोलला नाही."

"खेळेल," मी म्हणालो. डॉक्टर एवढे खूश झाले की त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही. कुणीच विचारलं नाही. शिकलेली, चांगली माणसं होती ती. त्या सगळ्यांनी त्याला एकदा डोळ्यांसमोर आणलं आणि सगळ्यांची खात्री पटली.

त्याला मी हॉस्टेलवर जाऊन गळ घातली. तो म्हणाला, "मला येत नाही, तुला माहीत आहे."

"तुझ्या रक्तातच आहे," मी म्हणालो.

"माझ्या रक्तात दोनदा मलेरिया सापडला. क्रिकेटबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत."

आम्ही दोघं हसलो. पण मग तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "बरं, शिकव." दोन-तीन संध्याकाळी मी त्याला हॉस्टेलमागे टेनिसच्या चेंडूवर शिकवलं. चेंडू कधी पायाशी पडायचा, कधी कडुनिंबात जायचा. मी स्वतःला सांगत राहिलो, की मैदानावर गेल्यावर होईल.

संक्रांतीचं जयपूर ज्यांनी पाहिलंय त्यांना ते आकाश सांगायला नको. पतंगांनी निळं झाकून गेलेलं, सगळ्या गच्च्यांवरून "वो काटा"ची आरोळी. आमच्या बाजूने त्याला पांढरा स्वेटर दिला होता, तो हाताला आखूड पडला होता. रन-अप मीच मोजून दिला, खूप लांबचा. यष्टिरक्षक मागे, मागे, जवळजवळ जिपांपर्यंत गेला. सुभेदाराने तर पँटमध्ये मांडीवर टॉवेल कोंबला. शामियान्यातल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

तो धावत निघाला. आणि तेवढे क्षण, मी खरं सांगतो, तो वेस्ट इंडिजचाच होता. तीच लांब टांग, तीच शांतता. एक तुटलेला पतंग त्याच्यावरून तरंगत चालला होता.

चेंडू हातातून सरळ वर गेला आणि त्याच्याच मागे पंचांजवळ पडला.

आधी कुणाला काय झालं ते कळलंच नाही. मग सुभेदाराने मांडीवरचा टॉवेल उपसून काढला आणि तोंड पुसलं. "अहो डॉक्टर, हा तर डुप्लिकेट माल निघाला की!"

मैदान फुटलं. जवान हसले, प्राध्यापक हसले, बायका हसल्या. कुणीतरी जिपेचा हॉर्न वाजवला. त्याने चष्मा वर सारला, चेंडू उचलला आणि परत टोकाला चालत गेला. कप्तानांनी त्याला थांबवायला हवं होतं. मी थांबवायला हवं होतं. त्याने षटक पूर्ण केलं, वाइड, नोबॉल सगळं धरून, दर वेळी तेवढ्याच लांबून धावत येऊन. आणि दर वेळी मी इतरांबरोबर हसलो. शाळेत मला कालू म्हणत तेव्हा मी कधीच हसणाऱ्यांच्या बाजूला नव्हतो. त्या दिवशी होतो. तिथे किती ऊबदार असतं!

षटक संपल्यावर आईने शामियान्यातून येऊन त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. मला तिने तिळगूळ दिला नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. त्याने बाबांना विभागात सांगितलं, की काम वाढलंय. आईचं पातेलं रजईत वाट बघत राहिलं, पीठ फार आंबलं, आणि तिने ते कण्हेरीच्या मुळाशी ओतलं. तिसऱ्या रविवारी तिने डबा भरला आणि माझ्या हातात दिला. "जा. आणि तिथे क्रिकेटचं काही काढू नकोस."

त्याची खोली मी तोवर नीट पाहिली नव्हती. खिडकीत बाजरीची वाळलेली कणसं, भिंतीवर आईवडिलांचा फोटो, आणि खिळ्याला एक विणलेली टोपी, हिरवी-पिवळी-लाल. स्टेडियममध्ये त्या म्हाताऱ्याने ती त्याला दिली होती, आणि मी शेजारी बसलेलो असूनही ते पाहिलं नव्हतं.

"मी माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"चूक तुझ्या एकट्याची नव्हती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्या माणसाने माझा हात धरला ना, तेव्हापासून मलाही वाटत होतं. कदाचित माझ्या रक्तात असेल. कदाचित मी धावलो की हातातून आपोआप येईल. म्हणून आलो." तो टोपीकडे पाहून हसला. "पण तू हसलास, तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होतो."

मग त्याने डबा उघडला. आंबोळ्या अजून कोमट होत्या. त्या वासाने त्याने क्षणभर डोळे मिटले. एक तुकडा तोडून त्यात उसळ गुंडाळली, नेहमीसारखाच घास बांधला. मी तोंड उघडलं की नुसतं उघडावंसं वाटलं, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं, की तो घास त्याच्या बोटांत थोडा वेळ तसाच राहिला.

नंतर त्याने फडताळातून एक बशी काढली, स्वच्छ पुसली, तो घास तिच्यात ठेवला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"घे," तो म्हणाला. "गार होईल."

मी माझ्या हाताने खाल्लं.