शेवटच्या पंगतीचं पाणी

ती अकोल्याच्या जठारपेठेतली. बाप डॉक्टर, आई प्राध्यापक. मी बार्शीटाकळीकडची, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. साथरोगांच्या कामावर अमरावतीत आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो. पुस्तक एकच, पगार एकच. तरी गावात गेलं की लोक तिला मॅडम म्हणत आणि मला विचारत, "तू कोनाची वो?" मला ती आवडत नव्हती. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं, हेच जास्त खुपायचं.

कापसाची ती वाईट वर्षं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावात निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्यांच्या गावजेवणानंतर माणसं घामाघूम होऊन ओकायला लागली, तोंडातून लाळ गळायला लागली. जीव कुणाचा गेला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फवारणीचं औषध पोटात गेलंय. गावानं लगेच ठरवून टाकलं, वांगी. कापूस परवडेना म्हणून एका म्हातारीनं तुकडाभर वावरात वांगी लावली होती आणि भाजीला तिचीच वांगी होती. काल फवारलं न् आज तोडून आणलं, असं चावडीवर बोलून राहिले होते. आता तिचं वांगं कुणी घेईना. झाडावरच पिवळी पडत होती.

मी दवाखान्यात खाटेखाटेपाशी जाऊन विचारलं. एकूणएक जण म्हणाला, वांग्याची भाजी खाल्ली. खुशीत बाहेर येऊन मी सोबतिणीला सांगितलं.

ती म्हणाली, "आणि जे आजारी पडले नाहीत, त्यांनी काय खाल्लं?"

हे मला पाठ होतं. नुसत्या आजाऱ्यांना विचारून अर्धंच कळतं, धडधाकट माणसांशी ताडून पाहावं लागतं. परीक्षेत याच प्रश्नाला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. पण त्या दवाखान्याच्या पायरीवर ते तिला आधी आठवलं.

घरोघर फिरलो. ठणठणीत माणसांनीही तीच भाजी बोटं चाटून खाल्ली होती. म्हातारीच्या दारात थांबून ती म्हणाली, "आजी, तुमच्या वांग्यांचं काही नाही यात." मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

पुढे मात्र ती अडली. आजारी होते ते पुरुष आणि लेकरं. बाई एकही नाही. बायांनाच कसं काही झालं नाही, हे ती ज्याला त्याला विचारू लागली. पारावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या बायाइले इख बी चढत नाई. इखालेच त्याईचं भेव." सगळे हसले, तीही हसली.

मी हसले नाही. सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर आई जेवायला बसते, अशा घरातली मी. बाया शेवटच्या पंगतीला बसल्या असणार. म्हणजे प्रश्न बाई-पुरुषाचा नव्हता, पंगतीचा होता. खात्री करायला पंगतीत वाढणाऱ्या पोट्ट्यांना गाठलं. तेही शेवटी बसले होते, आणि तेही ठणठणीत. तिला काही न सांगता मी एकटीच बायांकडे गेले.

"काकू, तुमच्या पंगतीले काय सरलं होतं?"

"काई नाई वो. रोडगे होते, भाजी होती. पानी सरलं. ड्रम खाली झाला, मंग हातपंपावरून गुंड भरून आनले."

"ड्रम कोनाचा?"

"वावरातला. फवाऱ्याचं औषध कालवतो त्यात. पन साबन लावून घासला होता ना माय. वास बी नोता येत."

वास गेला म्हणजे औषध गेलं. माझ्या बापालाही असंच वाटलं असतं.

ड्रमच्या तळाचं पाणी तपासणीला पाठवलं. त्यात तेच फवारणीचं औषध निघालं.

अमरावतीच्या बैठकीत बोलायला साहेबांनी तिला उभं केलं, तिचं बोलणं साफ म्हणून. आता ही माझं सगळं स्वतःच्या नावावर घालणार, म्हणून मी दात आवळून बसले. ती म्हणाली, "पंगतीचं हिच्या लक्षात आलं. मला कधीच सुचलं नसतं."

साहेब म्हणाले, "वा, मन मोठं आहे." कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती.

ड्रमबद्दल समजावून सांगायला पुन्हा गावात गेलो. म्हातारीचा माल परत खपायला लागला होता. म्हातारी वांग्यांची पिशवी घेऊन आली आणि सरळ सोबतिणीकडे गेली. "घे माय. तू पयल्याच दिवशी बोलली होती, वांग्याचं काई नाई म्हून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बी चहा घेशीन का वो?"

गाडीत बसल्यावर तिनं अर्धी वांगी माझ्या पिशवीत ओतली. नको म्हणणार होते, पण वांगी ताजी होती, काटेरी देठाची. संध्याकाळी खोलीवर भाजी केली. अशी उतरली की मी आणखी एक भाकर घेतली. वांगी तिला मिळालेली होती, हे मात्र शेवटच्या घासापर्यंत विसरले नाही.