आमच्या विमान-फोरमवरच्या पिना

ज्या घरात दोन वर्षांचं मूल असतं, तिथं जोडी हरवलेले मोजे साठत जातात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही. एक दिवस खण उघडला की सगळे अंगावर येतात. आमच्या फोरमवरच्या किश्श्यांचं माझ्याकडे तसंच झालंय.

फोरम म्हणजे विमानानं जाणाऱ्यांचा ऑनलाइन कट्टा. सातारा-सांगलीकडची माणसं इथं एकमेकांना विचारून विमानात बसतात. आमच्या शेतात विमानं उतरत नाहीत, पण आमची मुलं जगभर उतरलेली आहेत. त्यामुळे प्रश्नांना तोटा नाही. पानाच्या अगदी वर काही गाईड पिन करून ठेवलेली असतात: सामान कसं भरायचं, चेकिंगला काय काढायचं, विमान कसं बदलायचं. ती लिहिणं, लावणं आणि जुनी झाली की काढणं हे माझं काम. मी सांगलीत राहते, एम.एस्सी. झाले आहे, ईराची आई आहे आणि आयुष्यात दोनदा विमानात बसले आहे. एकदा दिल्लीला जाताना. एकदा येताना.

आणि अशा माणसाच्या भरवशावर उंब्रजच्या सुनंदाकाकू जर्मनीला निघाल्या होत्या! लेकीचं, पल्लवीचं, पहिलं बाळंतपण. काकूंचं शिक्षण मराठी चौथी. मधे एका ठिकाणी विमान बदलायचं, आणि सोबत कुणी नाही, कारण काका गेले तर म्हशी कोण बघणार? काकूंनी मला व्हॉइस मेसेज केला, "पोरी, तू ल्ही. मी वाचती आन् जाती. पल्लीच्या तारखेच्या आत पोचीव म्हंजे झालं."

म्हणजे एक बाळंतपण माझ्या वाक्यरचनेवर अवलंबून होतं.

*

हे काम मला मिळालं कसं, ते आधी सांगते.

दिल्लीला जायच्या आधी मी फोरमवर एका दिवसात सव्वीस प्रश्न विचारले होते. ईरा तेव्हा नऊ महिन्यांची. विमानात बाळ रडलं तर काय करतात? बाळ शांत राहिलं आणि मीच रडले तर काय करतात?

फोरम चालवतात पलूसचे एक निवृत्त सुभेदार. आम्ही सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतो. त्यांनी सरळ फोनच केला.

"पोरी, तू लय भितीस."

"हो काका."

"मग गाईड तूच सांभाळ. न भिणारा गडी सेंट्रीला उभा केला की झोपतो."

ही माझी नेमणूक. माझ्या भित्रेपणाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी पद दिलं.

*

मी चार्ज घेतला तेव्हा वर एकतीस गाईड पिन केलेली होती. म्हणजे नव्या माणसाला आपला प्रश्न टाकायच्या जागेपर्यंत पोचायलाच अंगठा दुखेपर्यंत खाली सरकावं लागायचं. काकांना एकही पिन काढवत नव्हती. "सगळंच महत्त्वाचं हाय की!" त्यात ‘विमानातला चहा: एक निषेध’ हाही धागा होता.

मी हिंमत करून चहाची पिन काढली. पाच मिनिटांत मिरजेहून त्याच्या लेखकांचा मेसेज. "ताई, माझं काही चुकलं का?"

मी पिन परत लावली.

शेवटी एका दुपारी ईराला मांडीवर घेऊन बसले आणि डोळे मिटून एकतिसाच्या सहा केल्या. मग दूध आणायला उठले. तेवढ्यात ईरानं फोन हातात घेऊन काय काय दाबलं. मला पत्ता नाही. दोन दिवसांनी बघते तर सातवं गाईड वर टाचलेलं! नाव ‘टेस्ट टेस्ट’. आत मजकूर काहीच नव्हता, नुसता एक ठिपका.

खाली चव्वेचाळीस प्रतिक्रिया होत्या. "उपयुक्त माहिती." "ताई, थोडक्यात पण छान." एकांनी लिहिलं होतं, "आधी मिळाली असती तर माझी बॅग वाचली असती."

*

सुभेदारकाकांचं स्वतःचं एक गाईड आहे, ‘घरी सराव करा’. त्यांचं म्हणणं, लढाईच्या आधी रंगीत तालीम पाहिजे. त्यांच्या घरच्या काकू पहिल्यांदा विमानानं निघाल्या तेव्हा काकांनी अंगणात चार खुर्च्या मांडून विमानतळ तयार केला. दारात स्वतः उभे राहिले. हातात मेटल डिटेक्टर म्हणून लाटणं.

"बांगड्या काढा. हात वर. पर्समदी काय हाय?"

काकूंनी एक फेरी केली. दुसऱ्या फेरीला काकांनी पर्समधून नेलकटर काढून जप्त केलं. तिसऱ्या फेरीला काकू थांबल्या आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पस्तीस वर्सं संसार केला, आन् आता माझी झडती घेताय व्हय?"

लाटणं काकूंनी जप्त केलं.

गाईड अजून वर आहे. फक्त शेवटी काकांनी स्वतः एक ओळ घातली आहे: ‘सराव शक्यतो एकट्यानं करावा.’

*

मग नारळाचं प्रकरण.

तासगावची एक नवी नवरी नवऱ्याकडे परदेशी निघाली. निघताना आळीतल्या नऊ जणींनी तिची ओटी भरली. नऊ ओट्या, नऊ नारळ. ओटी हाताशी असावी म्हणून आईनं नऊच्या नऊ हातातल्या बॅगेत भरून दिले. चेकिंगच्या मॅडम म्हणाल्या, नारळ आत नेता येणार नाहीत, इथंच टाका.

"ओटीचा नारळ टाकत असतात का!" म्हणून पोरगी रडायलाच लागली. तिनं आईला फोन लावला. आई शांतपणे म्हणाली, "टाकायचा न्हाई. सवाष्ण बघ आन् दे."

पोरगी रांगेतून बाहेर आली आणि विमानतळावर तिनं बायकांच्या ओट्या भरायला सुरुवात केली. सफाईच्या मावशी, चहाच्या स्टॉलवरच्या ताई, कुणाच्या तरी सासूबाई. दिसेल त्या सवाष्णीला कुंकू, तांदूळ, नारळ. बायका आनंदानं पदर पुढं करत होत्या. नऊ नारळ वीस मिनिटांत संपले.

नववा नारळ ज्यांच्या पदरात पडला, त्या बाई केरळला निघाल्या होत्या. त्यांचं चेकिंग अजून व्हायचं होतं.

यावर गाईड लिहायचं तर शास्त्र विचारायला हवं. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ओटी भरून घ्यायची, नारळाला हात लावून नमस्कार करायचा आणि देवापुढं ठेवून जायचं. मन जातं की बरोबर!" मी ते जसंच्या तसं पिन केलं आणि सुनंदाकाकूंनाही कळवलं.

काकूंचा मेसेज आला, "बरं. पर मी तीन म्हैन्यानं येणार. तवर ह्यो बाबा त्याची चटणी करून खाईल, त्याचं काय लिवलंयस का?"

हा बाबा म्हणजे उंब्रजचे काका, त्यांचे मिस्टर.

*

आटपाडीकडचे मायाप्पातात्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता डाळिंबंही आहेत. मुलगा दुबईला. तात्यांचा प्रश्न एकच होता: "घोंगडं अंगावर घेतलं तर सामानात धरत्यात का?"

धागा सात पानं चालला. एक गट म्हणाला, अंगावर आहे म्हणजे कपडा. दुसरा म्हणाला, घडी घातली की सामान. एकांनी विचारलं, "अर्धं अंगावर आणि अर्धं हातात असेल तर?" सुभेदारकाकांनी शेवटी निकाल दिला, "पांघरलं की युनिफॉर्म समजावा."

तात्या पांघरून गेले. कुणी अडवलं नाही. विमानात गारठा फार होता. हवाईसुंदरीनं त्यांनाही एक पांघरूण आणून दिलं. तात्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडाकडं केलं, पलीकडचं आरपार बघितलं आणि तिला परत देत म्हणाले, "पोरी, ह्ये तूच घे. तुला लय थंडी वाजत आसंल."

फोरमवर त्यांचा प्रवासाचा अहवाल आहे. एकच ओळ. ‘विमान चांगलं. मेंढरं पाळत न्हाईत.’

*

आता माझी चूक. हे सांगायला मला आजही आवडत नाही.

‘विमानतळावर आत गेल्यावर’ या गाईडमध्ये मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘गेटसमोर बसावे. आपले विमान पुकारेपर्यंत उठू नये.’ माझ्या दोन्ही वेळा विमान पुकारलं होतं. दोनपैकी दोन, म्हणजे शंभर टक्के! एम.एस्सी. झालेल्या बाईनं असा हिशोब केला.

शिराळ्याचे एक गुरुजी ते वाचून निघाले. ‘बस’ म्हटलं की बसायचं, असं आयुष्यभर मुलांना शिकवलेला माणूस. ते ज्या विमानतळावर गेले, तिथं पुकारत नाहीत. पाटीवर येतं, ज्यानं त्यानं बघायचं. तशी पद्धतच आहे तिथली, मलाच माहीत नव्हती. गुरुजी खिडकीसमोर ताठ बसले. रांग लागली, गुरुजी बसले. रांग संपली, गुरुजी बसले. दार बंद झालं. समोरचं विमान मागं सरकलं, वळलं आणि गेलं.

मग त्यांनी फोरमवर लिहिलं, "आपल्या गाईडप्रमाणे बसून आहे. विमान वेळेवर गेले. आता उठावे काय?"

मी ते वाचलं तेव्हा ईराला वरण-भात भरवत होते. हातातला घास तसाच राहिला. सुभेदारकाकांनी धावपळ करून त्यांना संध्याकाळच्या विमानात बसवलं. पोचल्यावर गुरुजींचा मला वेगळा मेसेज आला. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी लिहिलं होतं, "गाईडची भाषा सोपी व शुद्ध आहे. लिहीत राहा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी राजीनामा लिहिला. काका फोनवर म्हणाले, "सेंट्री झोपली न्हवती. दुसरीकडं बघत हुती, येवढंच. उंब्रजच्या बाईला आता अर्ध्यात सोडतीस व्हय?"

*

सोडलं नाही. पण तेव्हापासून काकूंसाठी लिहीत होते त्या कागदावरची एकेक ओळ मी तीन-तीन माणसांकडून तपासून घ्यायला लागले. बसा लिहिलं की धस्स व्हायचं, उठा लिहिलं की त्याहून जास्त. शेवटी बेचाळीस पायऱ्या झाल्या. मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकमध्ये घालून. इंग्रजी पाट्यांवरचे शब्द चित्रासारखे काढले होते, म्हणजे वाचायला नकोत, नुसते जुळवायचे.

काकूंनी धारा काढताना म्हशींपुढं ते मोठ्यानं वाचून पाठ केलं. "सतरावी पायरी म्हटली की थोरली म्हैस मान हलवती," असा त्यांचा निरोप होता.

सकाळी विमान सुटलं. पल्लवीच्या तारखेला नऊ दिवस होते, पण आदल्या दिवशी डॉक्टर तिला म्हणाले होते, कधीही होईल. काकूंचा फोन बंद. मी ईराला दोनदा अंघोळ घातली. दुसऱ्यांदा तिनंच सांगितलं, "आई, झाली."

अकरा वाजता उंब्रजहून काकांचा फोन. "पोरी, पोचली का गं?"

"अजून पहिल्याच विमानात आहेत, काका."

"बरं. म्हैस पान्हा चोराया लागलीया."

दोन वाजता परत. "पोचली का?"

"आता विमान बदलायचंय. बदलत असतील."

"बरं. तिचं लुगडं नेसून बसलो, तवा जरा दूध दिलं."

मी म्हटलं, "छान."

दुसरं विमान सुटायची वेळ झाली. काकू त्यात बसल्या की नाही, कळायला काही मार्ग नव्हता. फोरमवर सगळे जागा धरून बसल्यासारखे. मायाप्पातात्यांनी विचारलं, "काय खबर?" गुरुजींनी लिहिलं, "त्या उठल्या असतील अशी आशा आहे." सुभेदारकाका दर अर्ध्या तासाला नुसतं ‘हजर’ लिहीत होते. मला मात्र डोळ्यांसमोर एकच चित्र: काकू कुठल्यातरी खिडकीसमोर ताठ बसलेल्या, हातात माझा कागद.

विमान उतरायची वेळ टळून एक तास गेला. मग दीड. पल्लवीचे मिस्टर, अमोल, विमानतळावर उभे होते. त्यांचाही काही मेसेज नाही.

संध्याकाळी साडेसातला फोरमवर अमोलचा मेसेज पडला. मी तो आधी डोळ्यांच्या फटीतून वाचला, मग नीट वाचला, मग ईराला वाचून दाखवला.

"आई पोचल्या. तब्येत उत्तम. पल्लवीही ठीक आहे, अजून काही नाही. आईंच्या मागोमाग आणखी चार बायका बाहेर आल्या आहेत. त्या कोण, ते आईंना माहीत नाही. विमान बदलताना आई कागद मोठ्यानं वाचत चालल्या होत्या, तेव्हापासून त्या मागं आहेत, म्हणतात. एक तेलुगू बोलतात, एक पंजाबी, उरलेल्या दोघींची भाषा मला कळत नाही. चौघी लेकींच्या बाळंतपणालाच आल्यात, असं आई म्हणतात. कागदावर शेवटची पायरी आहे, ‘समोर जावई उभे असतील. आता काळजी संपली. ते सांगतील तसं करा.’ आईंनी ती सगळ्यांना वाचून दाखवली आहे. पाचही जणी माझ्याकडे बघताहेत. ताई, त्रेचाळिसावी पायरी आहे का?"